बावन्नच्या काट्यावर

काकती ओलांडली, रस्ता सरळ झाला
की काटा बावन्नवर यायचा आणि ते सुरू व्हायचं :
घुम्म, घुम्म, घुम्म,
रांजणात तोंड घालून कुणी हाक मारल्यासारखं.
साठला गप्प.
वंटमुरीच्या घाटात, तिसऱ्या गिअरात, नाही.
रिकाम्या गाडीला तर कधीच नाही.

आठ दिवस मी त्याच्या मागे.
सीटखालचा जॅक काढून घरी ठेवला,
मागच्या फळीची साखळी सुतळीनं आवळली,
आरशाची पितळी घुंगरं सोडून
डब्यात टाकली.
पुढचं टायर मागं, मागचं पुढं.
तरी कडोलीची रताळी भरून कोल्हापूरला निघालो
की बावन्नला हजर.

ईरण्णानं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनावर, मग डायनमोवर, मग गिअरबॉक्सवर.
डोळे मिटून ऐकत राहिला,
जणू आत कोण नांदतंय ते विचारतोय.
"सप्पळ इल्ल, यल्लोजी," म्हणाला. आवाज नाही.
गॅरेजात कुठून असणार?
गॅरेजात गाडी नव्या सुनेसारखी, मान खाली.

मग चौतीस पोती भरली
आणि ईरण्णा हौद्यात पालथा पडला,
फळीला कान लावून, पोत्यांच्या मधे.
होनग्यापर्यंत मी बावन्न सोडलं नाही.
उतरला तेव्हा केसात माती, गालावर फळीचा ठसा.
"सगळीकडनं येऊलाय की रे," म्हणाला.
चहा प्यालो. पैसे त्यानं दिले.

घरी जेवताना सांगत होतो बायकोला.
आप्पा ताटावरून आमच्या ओठांकडं बघत होते.
उद्यमबागेत एकतीस वर्षं
फाउंड्रीत वाळूचे साचे फोडले त्यांनी,
डावा कान तिथंच राहिला,
उजवा पेन्शनीनंतर गेला.
हात धुऊन म्हणाले, "उद्या मी येतो."
बायको हसली. मीपण, थोडा.

पहाटे पुढं बसले. चपला काढल्या.
दोन्ही तळवे पत्र्यावर सपाट टेकवले,
देवळात टेकवतात तसे नव्हे,
मोल्डिंगच्या वाळूवर, गरम आहे का बघायला टेकवावेत तसे.
पन्नास. एक्कावन्न.
मला ऐकू यायच्या आधी त्यांचा अंगठा हलला.
उजवा पाय उचलला, डावा ठेवला.
टाच मागं सरकवली, सीटच्या बुडापर्यंत,
आणि तिथंच थांबले.
"हितं. फिरतंय ते. इंजिन नव्हे, चाक नव्हे.
मधे काहीतरी लोंबतंय."

ईरण्णा खाली शिरला, सरळ मधल्या बेअरिंगपाशी.
रबर फाटलेलं, चिलमीच्या फडक्यासारखं.
वजन पडलं, पाटे बसले, की शाफ्टचा कोन बदलायचा
आणि बेअरिंग डोलायला लागायचं, बावन्नला.
दुपारपर्यंत नवीन बसलं.
जुनं त्यानं आप्पांच्या हातात दिलं.
आप्पांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं,
कास्टिंगची रेघ नखानं घासली.
"आमच्यातलं नव्हे," म्हणाले. ठेवून दिलं.

परत निघालो, पोती तेवढीच.
बावन्न. काही नाही.
खिडकीच्या काचेची किरकिर कळायला लागली,
डब्यातली घुंगरंही, जी मी विसरलो होतो.
आप्पांनी चपला अजून घातल्या नव्हत्या.
"गेला," मी तोंड मोठं करून म्हटलं.
"व्हय," म्हणाले. "आता पायालाबी काय ऐकू येईना."

मग बराच वेळ दोघंही समोर बघत होतो.

हत्तरगीच्या नाक्याआधी रस्त्यावर
जाड पांढऱ्या पट्ट्या आहेत, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून.
तिथं मी ब्रेकवरचा पाय उचलला.
धडडडडड : स्टिअरिंग, दात, पोती, सगळं.
आप्पा हसले नाहीत.
तळवे दाबून, नीट तपासून,
म्हणाले, "हा गाडीचा नव्हे.
हा रस्त्याचा."